भिशीच्या ॲपला माणसं कुठून येतील आणि पैसा कुठून येईल

विचारलेला प्रश्न असा आहे: "भिशीचा हिशोब ठेवणारं अँड्रॉइड ॲप एकट्याने बनवलंय. प्ले स्टोअरवर येऊन तीन महिने झाले. 340 डाउनलोड झालेत, ॲडमॉबमध्ये (ॲपमध्ये जाहिराती दाखवणाऱ्या गूगलच्या सेवेत) साडेतीन डॉलर दिसतात. हाताशी दहा हजार रुपये आहेत, ते जाहिरातीत घालू का? आणि ॲप फुकटच ठेवू की विकत करू?"

दहा हजार आत्ता घालू नका. कागदावर मांडून बघा. समजा, जाहिरात देऊन एक माणूस दहा रुपयांत मिळाला, म्हणजे दहा हजारांत हजार माणसं आली. भिशीचं ॲप महिन्यातून एकदा, फार तर दोनदा उघडलं जातं. तेवढ्यात माणशी आठ बॅनर, म्हणजे ॲपमधल्या जाहिरातीच्या पट्ट्या, दिसले असं धरू, म्हणजे महिन्याला आठ हजार बॅनर. आपल्याकडच्या बॅनरला हजारामागे पंधरा रुपये धरले, तर हातात येणार महिन्याचे 120 रुपये. दहा हजार वसूल व्हायला 83 महिने लागतील, जवळजवळ सात वर्षं. तेही आलेल्या हजारातल्या एकानेही ॲप काढून टाकलं नाही, तर. खरे आकडे याहून तिप्पट चांगले निघाले तरी उत्तर तेच राहतं.

बॅनरवर चालतात ती रोज उघडली जाणारी ॲप्स. कोडी, खेळ, पंचांग, रेल्वेचं वेळापत्रक. तुमचं ॲप त्या जातीचं नाही, आणि तो तुमचा दोष नाही. त्याला वेगळी वाट लागेल, एवढंच. ती वाट कशी सापडते हे माझ्या दोन ॲप्सवरून सांगतो. बारा वर्षांत अकरा ॲप्स केली, त्यातली दोनच टिकली. एक दुधाच्या रतिबाचा हिशोब ठेवतं, दुसरं रियाजासाठी तानपुरा वाजवतं.

रतिबाचं ॲप मी आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या काकांसाठी केलं. त्यांची एक लांबट वही होती. डावीकडे घरांची नावं, वर तारखा, चौकटीत रोजचं लिटर, आणि ज्या दिवशी दूध नको त्या चौकटीत फुली. त्या फुलीसाठी मी पहिल्या आवृत्तीत 'स्किप' नावाचं बटण ठेवलं होतं. काकांनी तीन दिवस वापरलं, मग फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "सगळं बरं आहे, पण यात खाडा कुठं लावायचा?" स्किपचं बटण त्यांच्या अंगठ्याखालीच होतं. त्या रात्री मी बटणावर 'खाडा' लिहिलं. पंधरवड्यात त्यांचे दोघे भाऊबंद ॲप मागायला घरी आले. तोवर मी फेसबुकवर, कॉलेजच्या ग्रुपवर, सगळीकडे लिंक टाकून थकलो होतो. त्यातून आलेली माणसं दोन दिवसांत निघून गेली होती. हे दोघे अजून वापरतात.

तुम्ही प्रश्नासोबत जोडलेले स्क्रीनशॉट पाहिले. 'काँट्रिब्यूशन', 'विनर', 'पेंडिंग मेंबर'. भिशीत कोणी विनर नसतं हो! भिशी लागते, भिशी उचलतात, चिठ्ठी निघते, हप्ता भरतात, हप्ता थकतो. हे शब्द बायकांच्या तोंडी रोज आहेत. ॲपमध्ये ते नसतील, तर ॲप उघडणारीला ते आपलं वाटणार नाही. हे आधी बदला. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता माणसं कशी येतात ते. रतिबाच्या ॲपमध्ये महिनाअखेरीला प्रत्येक घराचं बिल व्हॉट्सॲपवर पाठवता येतं. सुरुवातीला ते पीडीएफ होतं. कोणी उघडत नव्हतं, काकांनाच परत फोन यायचे, "किती झाले?" मग बिलाचं चित्र केलं, जे गप्पांमध्ये उघडल्या उघडल्या दिसतं: एकूण लिटर, खाडे, दर, रक्कम. सगळ्यांत खाली बारीक अक्षरात ॲपचं नाव आणि लिंक. पहिल्यांदा मी ते नाव ठळक रंगीत पट्टीत घातलं होतं. लोक ती पट्टी कापून बिल पुढे पाठवायचे, आणि त्यांचं बरोबर होतं; स्वतःच्या धंद्याच्या बिलावर दुसऱ्याची पाटी कोण लावून घेईल? बारीक केल्यावर कोणी कापली नाही.

एक दूधवाला महिन्याला साठ बिलं पाठवतो. त्या साठ घरांत कोणीतरी पेपर टाकणारा असतो, डबे देणाऱ्या ताई असतात, पाण्याचे जार पोचवणारा असतो. सगळ्यांचा हिशोब सारखाच: रोजचा माल, मधले खाडे, महिन्याचं बिल. त्यांच्या हातात बिल पडलं, खालची ओळ दिसली, आणि ॲप त्यांच्याकडे गेलं. आज माझ्या वापरणाऱ्यांत दूध न घालणारेही बरेच आहेत. ही वाढ मी एक रुपयाही न घालता झाली. ॲपमधून बाहेर जाणारी वस्तू घेणाऱ्याच्या खरोखर कामाची होती, म्हणून ती झाली.

तुमच्याकडे तर याहून सोन्यासारखी जागा आहे. चिठ्ठी निघते तो क्षण. वीस जणी वाट बघत असतात, ग्रुपवर निकाल पडतो, अभिनंदनाचे मेसेज सुरू होतात. आत्ता तुमचं ॲप त्या वेळी काय करतं? पडद्यावर नाव दाखवतं आणि थांबतं. मग भिशी चालवणारी बाई ते नाव स्वतः टाइप करते. त्याऐवजी एक देखणं चित्र तयार करून द्या: भिशीचं नाव, महिना, कोणाला लागली, रक्कम किती, कितवी चिठ्ठी, किती जणी बाकी, पुढचा हप्ता कोणत्या तारखेला. खाली बारीक ओळ. लिंकमध्ये स्रोताची खूण घाला, म्हणजे प्ले कन्सोलच्या (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या पानाच्या) अहवालात निकालाच्या चित्रावरून किती जण आले ते वेगळं दिसेल. एक बाई बहुतेक वेळा एकाच भिशीत नसते. ऑफिसची वेगळी, सोसायटीची वेगळी, माहेरच्या मैत्रिणींची वेगळी. एका ग्रुपमधलं चित्र दुसऱ्या ग्रुपच्या चालवणारीपर्यंत पोचायला दोन महिने पुरतात.

इथेच तुमच्या पैशाचाही प्रश्न सुटतो. वीस जणींतल्या एकोणीस जणी कधीच पैसे देणार नाहीत. त्यांना फक्त आपला नंबर कधी लागतो ते बघायचं असतं. विसावी, जी भिशी चालवते, तिच्या डोक्याला ताप असतो. कोणाचा हप्ता आला, कोणाचा थकला, कोणाला गोड बोलून आठवण करायची, गेल्या वर्षी कोणी मध्येच सोडली होती. एका भिशीचं वहीत भागतं. तीन भिश्या चालवणारीला वही पुरत नाही. म्हणून एक भिशी कायम फुकट ठेवा, सगळ्या सोयींसकट. दुसरी भिशी सुरू करायला गेली, की तिथे पैसे मागा. वर्षाला 300 रुपये ठेवले तर गूगलचे 15 टक्के, म्हणजे 45 वजा जाऊन करापूर्वी 255 हातात येतात. पन्नास चालवणाऱ्या मिळाल्या तर वर्षाचे 12,750. वरच्या हिशोबातले हजार माणसांचे बॅनर वर्षाला 1,440 देत होते. पन्नास बायका आणि हजार माणसं, हा फरक डोळ्यांसमोर ठेवा.

ते 15 टक्के मात्र आपोआप लागू होत नाहीत. पहिल्या दहा लाख डॉलरच्या वार्षिक कमाईवर गूगल 15 टक्के घेतं, ही सोय 2021 पासून आहे, पण प्ले कन्सोलमध्ये खात्यांचा गट तयार करून तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं. आपोआप पुढे चालू राहणाऱ्या सबस्क्रिप्शनला मात्र पहिल्या दिवसापासून 15 टक्केच आहेत. ॲपलकडेही छोट्या डेव्हलपरसाठी असा कार्यक्रम आहे, तिथेही अर्ज करावा लागतो.

सबस्क्रिप्शनबद्दल एक अनुभव. 'आपोआप कापले जातील' या वाक्याची आपल्या लोकांना धास्ती असते, आणि ती रास्त आहे. प्ले स्टोअरवर प्रीपेड प्लॅन ठेवता येतो: वर्षाचे पैसे एकदा घेतले, वर्ष संपलं की थांबलं, पुन्हा हवं तर पुन्हा भरा. मी रतिबाच्या ॲपमध्ये 'सबस्क्राइब' काढून 'वर्षाचं रिचार्ज' लिहिलं, आणि त्यानंतर "हे काय आहे?" असं विचारणारे मेसेज जवळपास थांबले. रिचार्ज म्हणजे काय हे कोणाला समजावावं लागत नाही. यूपीआयने पैसे देता येतात, त्यामुळे कार्ड नसणाऱ्यांचीही अडचण नाही.

आणि 'फुकट की विकत' याचं सरळ उत्तर: प्ले स्टोअरवर एकदा फुकट ठेवलेलं ॲप नंतर विकतचं करता येत नाही. त्यासाठी नव्या पॅकेज नावाने (स्टोअर ॲपला ज्या नावाने ओळखतं त्या) नवं ॲप टाकावं लागतं आणि 340 जण मागे राहतात. म्हणजे तुमच्यासाठी तो प्रश्न उरलेलाच नाही. फुकट ॲपच्या आत खरेदी, हाच मार्ग.

तानपुऱ्याच्या ॲपने याच्या उलट बाजूने शिकवलं. सुरुवातीला मी त्यातही जाहिराती ठेवल्या होत्या. कोणी पहाटे डोळे मिटून काळी एक या पट्टीत षड्ज लावून बसलंय आणि मध्येच पडदाभर जाहिरात आवाजासकट सुरू होते. एका गायनशिक्षिकेने मला लिहिलं की त्यांचा विद्यार्थी दचकला आणि त्या दिवशी त्याचा सूर परत लागला नाही. ते वाचून मी त्याच आठवड्यात सगळ्या जाहिराती काढल्या. उत्पन्न दोन महिने शून्यावर आलं. मग पाच स्वर फुकट आणि सगळे स्वर, पंचम-मध्यम-निषादाची जुळणी व बारीक श्रुती एकदाच पैसे भरून, असं केलं. वापरणारे रतिबाच्या ॲपपेक्षा खूप कमी, पण उत्पन्न जास्त. कारण गाणं शिकणारा माणूस महिन्याची फी भरतोच. त्याला चांगल्या तानपुऱ्याची किंमत कळते.

त्याच शिक्षिकांनी दुसरी गोष्ट दाखवली. "दर अकरा सेकंदांनी बारीक टक् ऐकू येतं," असं त्यांचं म्हणणं होतं. मला ऐकू येत नव्हतं. शेवटी हेडफोन लावून, आवाजाची लहर पडद्यावर मोठी करून बघितली. रेकॉर्डिंगचा शेवट आणि सुरुवात जिथे जोडली होती, तिथे खरंच सांधा होता. मिरजेत घडवलेल्या एका तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग मी रात्री पंखे बंद करून नव्याने केलं, जवारी, म्हणजे तारांचा झंकार, नीट लागेपर्यंत थांबून. सांधा एका सुराच्या विरत्या भागात लपवला. ती आवृत्ती गेल्यावर त्यांनी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना ॲप घ्यायला सांगितलं. त्यांचे निम्मे विद्यार्थी अमेरिकेत आणि दुबईत, ऑनलाइन शिकणारे. एका शिक्षिकेच्या शब्दाने जेवढी विक्री झाली, तेवढी मी विकत घेतलेल्या कुठल्याच जाहिरातीने झाली नाही. प्रत्येक देशाला वेगळी किंमत लावता येते, ती लावा. अमेरिकेतला आकडा रुपयांत बदलून इथे ठेवला तर इथलं कोणी घेत नाही, आणि इथला तिथे ठेवला तर आपलंच नुकसान.

भिशीच्या जगात अशी शिक्षिका कोण, ते शोधा. बहुधा एखाद्या शाळेतल्या बाई, बँकेतल्या ताई, महिला मंडळाच्या अध्यक्षा. अशा पाच जणी गाठा, समोर बसून ॲप वापरताना बघा, मध्ये बोलू नका. कुठे अंगठा अडतो ते लिहून घ्या. दहा हजारांतले हजार रुपये या पाच जणींकडे जाण्या-येण्यात खर्च झाले तरी ते सत्कारणी लागतील. तुमचं खातं 13 नोव्हेंबर 2023 नंतरचं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप प्रसिद्ध करण्याआधी चौदा दिवसांच्या बंद चाचणीसाठी माणसं गोळा करावी लागली असतील. आधी वीस लागायची, आता बारा. ते बहुतेक मित्र असतील. मित्र खोटं बोलतात, प्रेमापोटी. त्यांच्या मतावर पुढचं ठरवू नका.

स्टोअरच्या पानाबद्दल. प्ले स्टोअरवर नावाला 30 अक्षरं, छोट्या वर्णनाला 80 आणि मोठ्या वर्णनाला 4000 मिळतात. शोधशब्दांची वेगळी चौकट नाही (ॲपलकडे आहे, 100 अक्षरांची). म्हणून नावात 'भिशी' हवाच. पण लोक तो रोमन लिपीत नाना प्रकारे लिहितात: कोणी एच घालून, कोणी न घालता, कोणी नुसतंच 'बीसी' म्हणून. हिंदी भागात 'कमिटी', शहरांत 'किटी'. हे शब्द वर्णनात खऱ्या वाक्यांत येऊ द्या, नुसती यादी ओतू नका. तसं करणं नियमात बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही कळतं. मराठीतलं पान वेगळं भरा. पहिला स्क्रीनशॉट लॉगिनचा आहे, तो काढा, तिथे चिठ्ठीच्या निकालाचं चित्र ठेवा. आयकॉन बदलून तुलना करण्याची सोय कन्सोलमध्ये आहे, पण तुमच्या आकड्यांवर तिचा निष्कर्ष निघायला वर्ष जाईल. सध्या नको.

लॉगिनवरून आठवलं: पहिल्याच पडद्यावर फोन नंबर मागू नका. कॉन्टॅक्ट वाचण्याची परवानगी तर मुळीच नको. पैशाच्या हिशोबाचं ॲप आणि त्याला सगळी फोनबुक हवी, हे दिसलं की माणूस तिथेच मागे फिरतो. तुमच्या ॲपने पैसा कधीच हातात घेऊ नये, फक्त नोंद ठेवावी, आणि वर्णनात तसं स्पष्ट लिहावं. कन्सोलमध्ये आर्थिक सोयींबद्दलचं घोषणापत्र भरावं लागतं, ते खरं भरा. भिशीसारख्याच चालणाऱ्या चिट फंडांवर 1982 चा केंद्रीय कायदा आहे. 'गुंतवणूक', 'हमखास फायदा' असे शब्द जवळही येऊ देऊ नका. शंका वाटली तर वकिलाला दाखवा, हा खर्च वाया जात नाही.

रिव्ह्यू मागायचा तर चिठ्ठीचं चित्र ग्रुपवर गेल्यानंतर मागा, तेव्हा बाई खूश असते. गूगलची ॲपमधल्या ॲपमध्ये रिव्ह्यू घेण्याची सोय वापरा. आधी "आवडलं का?" विचारून फक्त 'हो' म्हणणाऱ्यांना पुढे पाठवणं नियमाविरुद्ध आहे. स्टारच्या बदल्यात बक्षीस देणंही. एका स्टारवाल्यांना उत्तर जरूर द्या, 350 अक्षरांत बसवावं लागतं. "दुरुस्त केलं, नव्या आवृत्तीत बघा" एवढं आणि ते खरं असलं, तर काही जण येऊन स्टार वाढवतात. एकाचे दोन नव्हे, थेट पाच झालेले मी पाहिलेत.

ॲडमॉबचे साडेतीन डॉलर तसेच राहू द्या, बॅनर हळूहळू काढा. तोवर एक सावधगिरी बाळगा: स्वतःच्या जाहिरातीवर बोट लावू नका, घरच्यांनाही सांगा. पूर्वी एका जाहिरात नेटवर्कवर माझं खातं बंद झालं होतं. घरातली मुलं "काकाचे पैसे वाढवू" म्हणून आठवडाभर दाबत होती. साठलेली रक्कम गेली, आणि चूक माझीच होती, कारण मी चाचणीच्या फोनवर चाचणीच्या जाहिराती लावल्या नव्हत्या. ॲडमॉबमध्ये दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो, शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि शंभर झाले की पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान सुटतात. पत्ता नीट घाला, जवळची खूण लिहा; पोस्टमनला कळेल असा.

पैसे बाहेरून येऊ लागले की बँकेकडून परकीय रकमेचा दाखला दर वेळी घेऊन ठेवा आणि सेवांच्या निर्यातीचं काम माहीत असलेला सीए गाठा. इथल्या विक्रीचा जीएसटी आणि बाहेरून येणाऱ्या पैशाचा जीएसटी यांचे नियम वेगळे आहेत. अंदाजाने चालू नका.

अजून एक. ॲप थोडं चाललं की "तुमचं डेव्हलपर खातं भाड्याने द्या, महिन्याला इतके देऊ" असे मेसेज येतील. 25 डॉलर एकदा भरून मिळालेलं खातं आहे, पडून आहे, असं वाटेल. त्या खात्यावरून फसवणुकीचं ॲप गेलं की तुमचं खातं बंद होतं, आणि तुमच्या नावाने उघडलेलं पुढचं खातंही. नाही म्हणा.

आयफोनची आवृत्ती सध्या नको. तिथे दरवर्षी 99 डॉलर आहेत, आणि तुमच्या भिशी चालवणाऱ्या बायकांपैकी किती जणींच्या हातात आयफोन आहे ते आधी बघा. तानपुऱ्याला मी ती केली, कारण अमेरिकेतले विद्यार्थी तिथेच होते.

या महिन्यात दोनच कामं करा: शब्द बदला आणि चिठ्ठीचं चित्र करा. दुसऱ्या भिशीला पैसे मागण्याचं काम पुढच्या महिन्यात, म्हणजे चित्राने काय केलं आणि किमतीने काय केलं ते वेगळं दिसेल. दहा हजार बँकेतच राहू द्या. दोन चिठ्ठ्या निघाल्या की त्या लिंकवरून किती जण आले आणि त्यातल्या किती जणींनी स्वतःची भिशी सुरू केली, हे दोन आकडे मला कळवा. मग पुढचं बोलू.